वणीच्या दालनातली कोळशाची गाडी

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी आठ-दहा दिवस माहेरी, वणीला जाते. यवतमाळ ते वणी हा प्रवास एस.टी.चा. करंजी, मारेगाव मागे पडते आणि वणी जवळ येते तशी रस्त्याकडेच्या झाडांची पाने काळपट दिसू लागतात. ताडपत्री बांधलेले कोळशाचे ट्रक बसच्या पुढे-मागे होतात. घराचे दार उघडले की अम्मी सलामचा जवाब देते आणि लगेच म्हणते, "आधी पाय धुऊन घे." वणीत घरात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावे लागते. कोळशाची धूळ पायांबरोबर आत येते.

वणी म्हटले की बाहेरच्या लोकांना नाशिककडची वणी आठवते. आमची वणी यवतमाळ जिल्ह्यातली, निर्गुडा नदीकाठची. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म 1880 साली इथेच झाला. एकेकाळी कापसाच्या बाजारासाठी हे गाव ओळखले जायचे, आता कोळशासाठी ओळखले जाते. उकणी, निलजई, कोलारपिंपरी अशा खाणींनी गावाला वेढले आहे. दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावरच्या माजरी जंक्शनवरून एक फाटा निघतो, वर्धा नदी ओलांडून वणीला येतो आणि पुढे पिंपळखुटीवरून पैनगंगा ओलांडून तेलंगणातल्या आदिलाबादला जातो. या मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच. मुंबईकडे जाणारी नंदीग्राम एक्सप्रेस ही त्यातली सर्वांच्या ओळखीची. या भागातल्या रुळांवर खरा राबता आहे तो कोळशाच्या मालगाड्यांचा.

माझे सासर यवतमाळला. तिथे जिल्ह्याचे ठिकाण असूनही रेल्वे नाही. मूर्तिजापूरला जाणारी छोट्या रुळांची शकुंतला होती, तीही बंद पडली. अम्मीचे माहेर दारव्ह्याचे. लहानपणी ती शकुंतलेत बसलेली आहे. 1994 पर्यंत ही गाडी वाफेच्या इंजिनावर चालत होती. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब एवढा टप्पा 2024 मध्ये सुरू झाला आहे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी अजून गाडीत पाय ठेवलेला नाही. तरी मधल्या सुट्टीत एकमेकांचे सदरे मागून धरून त्यांची आगगाडी रोज निघते. तोंडाने 'झुकझुक' चालू असते. वाफेचे इंजिन त्यांच्या आईवडिलांनीही क्वचितच पाहिले असेल, पण तो आवाज मुलांच्या तोंडी टिकून राहिला आहे. गदिमांच्या गाण्याने तो टिकवला, 1968 च्या 'आशीर्वाद' चित्रपटात अशोककुमारांनी गायलेल्या रेलगाडीच्या गाण्याने टिकवला, आणि आपल्या आजी-नानींनी टिकवला.

हे सगळे आठवायचे कारण गेल्या मे महिन्यात वणीच्या घरात घडलेली गोष्ट.

मोबाईलमधली गाडी

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा मुन्ना तेव्हा पावणेतीन वर्षांचा होता. मुलगा गोड, चपळ, पण बोलायला मागे. वीसेक शब्द असतील. 'पानी', 'दे', 'अम्मी', 'नक्को'. दोन शब्द जोडून तो क्वचितच बोलायचा. हिवाळ्यात अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने डॉक्टरांना दाखवायला सांगितले होते. भावाने दाखवले. कान तपासले, ऐकू चांगले येत होते. डॉक्टर म्हणाले, त्याच्याशी जास्त बोला, मोबाईल कमी करा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा आणा.

सांगणे सोपे असते. माझी भावजय घरीच शिलाईचे काम करते. लग्नसराई आणि ईद जवळ आली की तिची मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत चालते. मूल सुईपाशी येऊ नये म्हणून ती त्याला मोबाईल देते. बाहेर 45 अंशांची उन्हे, अंगणात सोडावे तर लू लागेल. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. मुन्ना कोपऱ्यात बसून रंगीत गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. त्या गाड्या गायच्या, हसायच्या, आकडे म्हणायच्या. मुन्ना त्यांच्याकडे टक लावून बघायचा आणि एक शब्दही बोलायचा नाही.

शेजारच्या एका बाईंनी सल्ला दिला होता की त्याला लिहायला लावणाऱ्या शाळेत घाला, म्हणजे बोलू लागेल. भावजयीने पाटी आणली होती. रोज मगरिबनंतर त्याचा हात धरून ती 'अलिफ' गिरवून घ्यायची. मी गेले त्या संध्याकाळी मुन्नाने पाटी भिंतीवर फेकली. भावजयीचे डोळे भरून आले. म्हणाली, "आपा, तुम्ही शिक्षिका आहात. तुम्हीच सांगा मी काय करू."

मी काय सांगणार? माझ्या थोरल्या मुलाच्या हातात मी तिसऱ्या वर्षी पेन्सिल दिली होती. शिक्षिकेचा मुलगा, लवकर लिहिता झालाच पाहिजे, हा माझा हट्ट होता. तो कपाटामागे लपायचा आणि मी त्याला ओढून बाहेर काढायचे. तो लिहायला शिकला, वेळेवर शिकला. आज दहावीत आहे, गुणही बरे मिळवतो. पण अभ्यासाबाहेरचे एक पुस्तक त्याने कधी आपणहून हातात घेतले नाही. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झाले होते. तो पेपर माझ्या घराच्या उंबऱ्याबाहेरच राहिला.

वाघीण रिकामी जातेय

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. कूलर बंद, मशीन बंद, आणि थोड्या वेळाने मोबाईलही बंद. मुन्नाने रडून घर डोक्यावर घेतले. मी दालनात इकडे तिकडे बघितले. दिवाणाखाली ईदच्या चपला-बुटांची चार रिकामी खोकी पडली होती. भावजयीच्या शिलाईच्या टोपलीतून नाड्याचे तुकडे घेतले, खोक्यांना भोके पाडली आणि एकामागे एक बांधली. पुढे अम्मीचा पितळी डबा इंजिन म्हणून ठेवला. मी 'भोंऽऽ' केले आणि ओढू लागले.

मुन्ना रडायचा थांबला. पण बघतच राहिला, जसा मोबाईलकडे बघायचा तसा.

तेव्हा तख्तावर पडलेल्या अब्बांचा आवाज आला. "वाघीण रिकामी जातेय. कोळसा कोण भरणार?"

अब्बांनी तीस वर्षे कोळसा भरण्याच्या सायडिंगवर नोकरी केली. वाघिणी मोजायच्या, त्यांचे नंबर वहीत लिहायचे, भरलेली गाडी सुटली की वेळ टिपायची. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे मी त्यांच्याच तोंडून शिकले. एका रेकमध्ये साधारण 58-59 वाघिणी असतात आणि एका वाघिणीत 60 टनांच्या आसपास कोळसा मावतो. हा कोळसा वीज केंद्रांकडे जातो. निवृत्तीनंतर अब्बा फार कमी बोलतात. कानांनीही थोडे कमी ऐकू येते. दिवसभर तख्तावर पडून असतात.

मी मुन्नासमोर बटाट्यांची टोपली ठेवली. म्हटले, "हा कोळसा." त्याने एक बटाटा उचलला, माझ्याकडे बघितले, अब्बांकडे बघितले आणि पहिल्या खोक्यात टाकला. अब्बा उठून बसले. "एक," म्हणाले. दुसरा बटाटा दुसऱ्या खोक्यात. "दोन." चार खोकी भरली तेव्हा अब्बांनी अम्मीचा हिरवा ओढणीचा पदर ओढून हलवला. "गाडी छोडो!"

अम्मी म्हणाली, "अहो, वाघीण वाघीण काय करता, घाबरेल तो." टिपेश्वरच्या जंगलातल्या वाघांच्या बातम्या आमच्याकडे घरोघरी बोलल्या जातात, म्हणून तिला काळजी. मुन्ना घाबरला नाही. त्याने खोक्यापाशी तोंड नेले, आणखी एक बटाटा आत ठेवला आणि म्हणाला, "वागीन, खा."

दोन शब्द. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी पाटी तिने आपणहून कपाटावर ठेवून दिली.

बटाटा कोळसा होतो तेव्हा

माझ्या वर्गातली मुले खेळतात त्या गाडीत प्रवासी असतात, ती मामाच्या गावाला जाते. मुन्नाच्या गाडीत एकही माणूस नव्हता. ती फक्त कोळसा न्यायची. घराच्या गच्चीवरून त्याने जन्मापासून जे पाहिले तेच तो खेळत होता. मोबाईलमधल्या गाणाऱ्या गाड्या त्याने इतके महिने पाहिल्या, पण खेळात त्यातले काहीच आले नाही.

साधारण दीड-दोन वर्षांनंतर मूल एका वस्तूला दुसरी वस्तू मानू लागते. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांचे खेळ बघून यावर लिहिले. रशियातल्या लेव वायगॉट्स्की यांनी काठीला घोडा मानणाऱ्या मुलाचे उदाहरण दिले. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला गरीब घरांतल्या मुलांसाठी पाने, बिया, दगड, माती यांतूनच शिकण्याची साधने तयार केली. मुलाच्याच अंगणात बालवाडी भरवावी, ही कल्पना ताराबाईंची.

या सगळ्यांतून मला आता जे कळते ते इतकेच. बटाटा म्हणजे कोळसा असे मानता येणे ही छोटी गोष्ट नाही. समोर नसलेली वस्तू मनात आणून तिच्या जागी दुसरी ठेवायची, हेच पुढे वाचताना करायचे असते. 'अलिफ' ही एक उभी रेघ. ती रेघ म्हणजे एक आवाज आहे, हे मानावे लागते. बटाट्याला कोळसा म्हणण्याचा सराव ज्या मुलाला आहे, त्याला ती रेघ परकी वाटत नाही. मी आणि माझ्या भावजयीने दोघींनीही दुसरी पायरी आधी चढायला लावली होती.

भावजयीला एक शंका होतीच. "आपा, दालनभर पसारा, खोकी, चिंध्या, लोक काय म्हणतील?" तिला अम्मीने उत्तर दिले. हजरत आयेशा (र.अ.) यांच्या खेळण्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. प्रेषित (स.) यांनी विचारले, घोड्याला पंख कसे? त्यांनी हजरत सुलैमान (अ.स.) यांच्या पंखवाल्या घोड्यांची आठवण दिली, आणि प्रेषित (स.) मनापासून हसले. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हा प्रसंग आहे. अम्मी म्हणाली, "त्या घरात चिंध्यांचा घोडा चालला, तर आपल्या घरात खोक्यांची गाडी का नाही?"

घरात खेळण्यासारखे काही

त्या आठ दिवसांत आम्ही जे खेळलो, ते इथे देते. पैसा एकही लागत नाही. माणूस मात्र लागतो.

भरणे आणि मोजणे. चार किंवा पाच खोकी पुरेत. प्रत्येक खोक्यात एकच बटाटा. यालाच आम्ही शिक्षक एकास-एक संगती म्हणतो. तोंडाने शंभरपर्यंत म्हणणारे मूल पाच वस्तू नीट मोजू शकत नाही, असे मी पहिलीच्या वर्गात नेहमी बघते. पावणेतीन वर्षांच्या मुलाला तीनपर्यंत आले तरी खूप झाले. चिंचोके, मणी, बटणे, शेंगदाणे वापरू नका. या वयाचे मूल वस्तू तोंडात घालते आणि ती घशात अडकते. नाडा हातभरापेक्षा लांब नको, आणि खेळ संपला की सोडून ठेवा.

लाल आणि हिरवे. हिरवा कपडा हलला की चालायचे, लाल दिसला की जागच्या जागी थांबायचे. पहिले दोन दिवस मुन्ना लालवर थांबतच नव्हता. तिसऱ्या दिवशी थांबला, पण अंग थरथरत होते, इतके त्याला ते कठीण जात होते. मनात आलेली हालचाल रोखणे हे मुलाला शिकावे लागते, आणि ओरडण्यापेक्षा ते खेळातून लवकर येते. थोड्या वेळाने कपडा मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही थांबा. आजोबा आपल्या इशाऱ्यावर थांबतात, याचा आनंद काही वेगळाच असतो.

स्टेशनांची नावे. आमचे स्वयंपाकघर झाले माजरी, दालन वणी, मोरी पिंपळखुटी आणि मागचे अंगण आदिलाबाद. माजरीला भाकरी भरायची, आदिलाबादला उतरवायची. यातून आत, बाहेर, पुढे, मागे, आधी, नंतर हे शब्द आपोआप येतात. तुमच्या घरी तुमच्या गावाकडची स्टेशने घ्या. नानीचे गाव शेवटचे स्टेशन असले तर आणखी छान.

तिकीट. जुन्या लग्नपत्रिकांचे रंगीत तुकडे कापा. निळे तिकीट निळ्या खोक्याला, लाल तिकीट लाल खोक्याला. त्यावर अक्षर, आकडा काही लिहू नका. तीन-चार वर्षांचे मूल एक दिवस स्वतःच त्यावर रेघोट्या मारून म्हणेल, "लिहिले." त्या दिवशी त्याला म्हणा, "वाचून दाखव."

बोगदा. दिवाणावरून चादर खाली सोडा आणि खालून रांगत जा. अंधाराची भीती जाते, हातापायांना व्यायाम होतो. चादर पातळ असावी आणि दुसरे टोक उघडे असावे.

दोन भाषांतली घोषणा. हा खेळ तीन-चार वर्षांपुढच्या मुलांसाठी. आपल्या घरांत उर्दू किंवा हिंदी बोलतात, बाहेर मराठी. उर्दू शाळेतली आमची मुले मराठी समजतात, पण बोलायला लाजतात. माझ्या पहिलीच्या वर्गात एक मूल तिकीट खिडकीवर बसते आणि मराठीतच विचारते, "कुठं जायचं? किती जण?" दुसरे मूल घोषणा करते, आधी मराठीत, मग उर्दूत. वर्गात उभे राहून दोन वाक्ये न बोलणारी मुलगी स्टेशनमास्तर झाली की खणखणीत आवाजात बोलते. चूक झाली तर मी मध्ये बोलत नाही. पुढच्या फेरीत तेच वाक्य मी प्रवासी होऊन बरोबर बोलते.

वयाचे भान मात्र ठेवा. वर्ष-दीड वर्षाचे मूल फक्त ओढेल आणि ढकलेल. दोन वर्षांचे भरेल आणि उपडे करेल. तीनच्या पुढे ते गार्ड, ड्रायव्हर होऊ लागेल. चार-पाचच्या पुढे नियम करेल आणि त्यावरून भांडेलही. पुढची पायरी लवकर यावी म्हणून ओढाताण करू नका.

लाल कपड्याने न थांबलेली गाडी

पाचव्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी म्हटले, मुन्नाला स्टेशनवर नेऊन खरी गाडी दाखवू. अब्बा आधी नाही म्हणाले. मग काय वाटले कुणास ठाऊक, टोपी घालून स्वतःच तयार झाले.

आम्ही फलाटाच्या मागच्या बाकावर बसलो. मुन्नाचा एक हात अब्बांच्या हातात होता. थोड्या वेळाने भरलेली मालगाडी आली. फलाट हादरला. मुन्नाने दुसऱ्या हाताने चड्डीच्या खिशातून लाल चिंधी काढली. ती त्याने कधी खिशात घातली हे मला माहीतही नव्हते. हात उंच करून तो ती हलवू लागला. "रुक! रुक!"

गाडी थांबली नाही. एकामागून एक वाघिणी जातच राहिल्या. मुन्ना आधी चकित झाला, मग चिडला, मग किंचाळत पुढे झेपावला. त्याला वाटले असावे, आणखी जवळ जाऊन दाखवले तर थांबेल. अब्बांनी त्याचा हात इतका घट्ट धरला होता की नंतर मनगटावर बोटांचे वळ दिसले.

माझ्या अंगावर काटा आला. चार दिवस मीच त्याला शिकवत होते की लाल दाखवले की गाडी थांबते. भरलेल्या मालगाडीने ब्रेक लावला तरी ती कित्येकशे मीटर पुढे जाऊनच थांबते. हे मूल तीन वर्षांचेही नाही. त्याला घरची गाडी आणि खरी गाडी यांतला फरक कोणी सांगितला होता?

घरी परत येताना अब्बा बराच वेळ गप्प होते. रात्री इशाच्या नमाजनंतर दालनात बसलो असताना ते आपणहून बोलू लागले. सायडिंगवर आजूबाजूच्या वस्त्यांतली मुले सांडलेला कोळसा वेचायला यायची. हाकलले तरी यायची, कारण त्यावर घरची चूल पेटायची. एका सकाळी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा उभ्या गाडीखालून पलीकडे जात होता आणि गाडी हलली. "मी नंबर लिहीत होतो," अब्बा म्हणाले. "आवाज आला तेव्हा वही माझ्या हातात होती." मुलगा वाचला, पाय गेला.

हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते. अम्मीलाही नाही. लहानपणी आम्हा भावंडांना रुळांकडे जायची सक्त मनाई होती. इतर मुले गाडी बघायला जायची, आम्ही नाही. मी अब्बांना कडक समजत असे. इतक्या वर्षांनी मला त्या मनाईचे कारण कळले.

दुसऱ्या दिवशी आमच्या खेळात एक नवी गोष्ट आली. अब्बांनी लाटणे आडवे धरून फाटक केले. फाटक पडले की सगळ्यांनी खाली बसायचे आणि मोठ्या माणसाचा हात धरायचा. गाडी पूर्ण गेली की मुन्नाने विचारायचे, "गेली?" आणि हात धरलेल्या माणसाने "गेली" म्हटल्याशिवाय उठायचे नाही. अब्बा त्याला रोज सांगायचे, "ही घर की गाडी, तेरा सुनती. वो बडी गाडी, किसी का नहीं सुनती." खेळ सुरू करताना आणि संपवताना, दोन्ही वेळा सांगायचे.

तरी माझ्या भगिनींना हे स्पष्ट सांगते. खेळाने या वयाच्या मुलाला शिस्तीची ओळख होते, सुरक्षितता मिळत नाही. तीन वर्षांच्या मुलाने फाटकाचा खेळ शंभर वेळा खेळला, तरी रुळाजवळ त्याचा भरवसा धरता येत नाही. तिथे मोठ्या माणसाचा हातच हवा. गाडी दाखवायची तर फलाटावर मागे बसून, किंवा घराच्या गच्चीवरून. रुळांवर फोटो काढणे, नाणे ठेवून चपटे करणे, हे मुलांसमोर मोठ्यांनी कधीही करू नये. मूल आपण सांगतो ते कमी आणि करतो ते जास्त उचलते.

मागच्या डब्यात बसणारा

वणी सोडून मला बरेच महिने झाले. मुन्ना आता सव्वातीन वर्षांचा आहे. तो त्याच्या वयाच्या मुलांइतका बोलतो असे मी म्हणणार नाही. सहा महिन्यांनी डॉक्टरांना पुन्हा दाखवले. त्यांनी वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवले आहे आणि भाऊ त्याला घेऊन जातो. ज्यांचे मूल दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही, त्यांनी खेळाच्या भरवशावर थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत, डॉक्टरांना दाखवावे. खेळ त्याच्या जोडीला असतो, त्याच्या ऐवजी नसतो. पण मुन्ना आता दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतो, अल्हम्दुलिल्लाह, आणि त्यातली निम्मी कोळशाच्या गाडीतली आहेत.

घरातला मोबाईल बंद झालेला नाही. शिलाईची घाई असली की अजूनही अर्धा तास तो मुन्नाच्या हातात जातो. फरक इतकाच की बाकीच्या वेळात अब्बा तख्तावरून उतरून खाली बसतात. गुडघे दुखतात, तरी बसतात. ते गार्ड, मुन्ना ड्रायव्हर. भावजय सांगत होती, कोळसा कमी भरला तर अब्बा गाडी सोडत नाहीत, आणि मग दोघांची हुज्जत होते. इतके महिने जे दोघे घरात सर्वांत कमी बोलायचे, तेच आता सर्वांत जास्त बोलतात.

मोबाईलमधली गाडी खूप सुंदर होती. पण तिच्या मागच्या डब्यात कोणी बसलेले नव्हते. ती मुन्नाला "कोळसा कोण भरणार" असे विचारून त्याच्या उत्तराची वाट बघत नव्हती. बोलणे तिथे सुरू होते, जिथे कोणीतरी आपल्या उत्तराची वाट बघत असते.

म्हणून एक विनंती आहे. येत्या ईदला घरात नवे बूट-चपला येतील तेव्हा खोकी टाकू नका. चार खोकी, चार नाड्याचे तुकडे आणि चार बटाटे. दिवसातून पंधरा मिनिटे तुम्ही खाली बसा, आणि घरात दादा-दादी, नाना-नानी असतील तर त्यांनाही बसवा. मुलाने गाडी सुरू केली की घाईने शिकवायला जाऊ नका. मागच्या डब्यात बसा आणि विचारा, "ही गाडी कुठे चालली?" मग उत्तर येईपर्यंत थांबा.